गरब्याचा घट: आकार थ्रीडीकडून घ्या, उजेड ब्लेंडने द्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच सांगता येईल. सोसायटीच्या नवरात्रासाठी ए-थ्री पोस्टर करायचं आहे, आणि त्याचाच पुढे दहा फुटी फ्लेक्सही होणार आहे. चित्रात मधोमध गरबो, म्हणजे भोकाभोकांचा मातीचा घट आणि आत दिवा. इलस्ट्रेटरमध्ये अर्धी बाह्यरेषा काढून तुम्ही थ्रीडी रिव्हॉल्व्ह, म्हणजे रेषा अक्षाभोवती फिरवून घनाकार करणारा इफेक्ट, लावलंत. घट गोल झाला, पण प्लास्टिकचा वाटतो. मागच्या प्रभेसाठी ब्लेंड (दोन आकारांमधल्या पायऱ्या आपोआप भरणारं टूल) केलंत, तर नमुना प्रतीत पट्टे उमटले. फाइल इतकी जड झाली की झूम केल्यावर मशीन अडकतं. प्रेसवाल्यांनी ती कोरल ड्रॉमध्ये उघडली तेव्हा अर्धी चमक गायब झाली होती. आता हे सगळं सोडून ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकावं का, असं तुम्ही विचारता.

ब्लेंडरचं आधी उरकतो. गरबो फिरताना दाखवायचा असेल, व्हिडिओ करायचा असेल, तर जरूर शिका. एका पोस्टरसाठी नको. तिथेही उजेड कुठून येतो हे तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि सध्याची तुमची अडचण नेमकी तीच आहे.

गरब्यात दिवा आत असतो. इलस्ट्रेटरच्या थ्रीडी इफेक्टमधले दिवे मात्र वस्तूच्या बाहेरूनच पडतात. त्यामुळे सॉफ्टवेअरने डाव्या खांद्यावर एक पांढरा ठिपका टाकला, उजवी बाजू काळवंडवली आणि त्याचं काम संपवलं. त्यात भर म्हणजे जुन्या, म्हणजे आता क्लासिक म्हणतात त्या थ्रीडीत पृष्ठभागाचा ठरीव पर्याय प्लास्टिक शेडिंग हाच असतो, आणि छटेच्या पायऱ्या फक्त २५. घट प्लास्टिकचा दिसला यात तुमचा हात वाईट नाही, तुम्ही जे मागितलं नव्हतं ते इफेक्टने आपणहून दिलं. २०२२ च्या आवृत्तीपासून आलेल्या नव्या थ्रीडी पॅनेलमध्ये मटेरियल आणि रे ट्रेसिंग आहे, चित्र बरंच सुधारतं, तरी दिवा घटाच्या पोटात ठेवता येत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: थ्रीडीकडून फक्त आकार घ्यायचा आणि उजेड ब्लेंडने स्वतः द्यायचा. बडोद्यात नवरात्राच्या आधीचे दोन महिने पोस्टर, पास आणि कमानींचीच कामं असतात, आणि ही विभागणी मी त्या घाईतही मोडत नाही. तुमची आवृत्ती कुठली, कागद कुठला, हातात किती दिवस आहेत, यावर तपशील बदलतील. विभागणी बदलणार नाही.

आकारापासून सुरू करू. घटाची अर्धी बाह्यरेषा काढा, ती अक्षाच्या बाजूने बंद करा, फिल द्या आणि स्ट्रोक काढून टाका. स्ट्रोक राहिला तर त्याचेही वेगळे पृष्ठभाग तयार होतात, मॅप आर्टच्या (पृष्ठभागावर चित्र चिकटवायच्या खिडकीच्या) यादीत गोंधळ माजतो आणि फाइल तिथूनच फुगायला लागते. अक्ष डावी कड की उजवी कड हे बघून घ्या. चुकीची कड निवडली की घटाऐवजी मेदूवडा मिळतो. अँकर पॉइंट जितके कमी तितकं पोट गुळगुळीत येतं. काठ, मान, पोट आणि बूड एवढ्यांपुरते पुरे. पर्स्पेक्टिव्ह शून्यावर ठेवा आणि घट थोडा पुढे कलवा, म्हणजे तोंडाचं वलय दिसेल.

हा कल किती अंशांचा दिला ते कुठेतरी लिहून ठेवा. पर्स्पेक्टिव्ह शून्य असताना गोल तोंड लंबवर्तुळ दिसतं, आणि त्याची उंची भागिले रुंदी म्हणजे कलाच्या कोनाची साइन. १५ अंशांना ०.२६, २० अंशांना ०.३४, ३० अंशांना बरोबर निम्मं. म्हणजे २० अंशांच्या कलावर १०० मिलिमीटर रुंदीचं तोंड ३४ मिलिमीटर उंच दिसणार. नंतर तुम्ही हाताने जी वलयं काढाल, म्हणजे मानेवरची लाल नाडाछडी (पूजेचा दोरा), बुडाखालचा पाट, जमिनीवर पडलेला उजेडाचा गोल, त्या सगळ्यांना हेच प्रमाण लागतं. बहुतेक पोस्टरांमध्ये घट एका कोनातून बघितलेला असतो आणि पाट दुसऱ्याच. चित्रात काहीतरी खटकतंय एवढं बघणाऱ्याला जाणवतं, काय ते सांगता येत नाही.

भोकं हाताने मांडू नका. पोट गोल असल्यामुळे कडेकडची भोकं अरुंद होत जातात, आणि हा अरुंदपणा डोळ्याने अंदाजून जमत नाही. सपाट पट्टीवर गोल ठिपक्यांच्या ओळी काढा, एक ओळ सरळ, तिच्याखालची अर्ध्या घराने सरकवलेली. ती पट्टी सिम्बॉल म्हणून ठेवा, मॅप आर्टमध्ये पोटाचा पृष्ठभाग शोधा आणि तिथे बसवा. त्या खिडकीत समोरून दिसणारा भाग फिकट राखाडी असतो, मागे दडलेला गडद. मग इन्व्हिजिबल जॉमेट्री हा पर्याय चालू करा. घट नाहीसा होतो आणि हवेत फक्त भोकं उरतात, प्रत्येक आपापल्या योग्य तिरपेपणासह. या पर्यायाकडे फारसं कुणी बघत नाही. मला तरी संपूर्ण थ्रीडी इफेक्टमधली सर्वांत कामाची गोष्ट हीच वाटते.

आता या रचनेच्या तीन प्रती करा. मूळ, जिवंत इफेक्टची प्रत वेगळ्या लेयरवर लपवून ठेवा, कारण समिती शेवटच्या दिवशी ‘घट थोडा उंच करा ना’ म्हणणारच. उरलेल्या दोन प्रतींत पृष्ठभाग नो शेडिंग करा, एकीत इन्व्हिजिबल जॉमेट्री चालू (भोकांसाठी) आणि दुसरीत बंद (घटासाठी) ठेवा, आणि दोन्हींवर एक्स्पांड अपिअरन्स (इफेक्टचे साधे आकार करणारा पर्याय) घ्या. क्लिपिंग मास्क आणि रिकामे तुकडे पुसून टाका. हातात उरतं ते घटाचं सपाट छायारूप, तोंडाची वलयं आणि भोकांचे आकार. थ्रीडीचं काम इथे संपलं.

उजेडाकडे वळण्याआधी एकदा खरा गरबो अंधारात बघा. आमच्याकडे बडोद्याच्या दांडिया बाजार भागात बहुतेक मराठी घरांत घट बसतात आणि शेजारच्या गुजराती घरात गरबो, तेव्हा शोधायला लांब जावं लागत नाही. नीट पाहिलंत तर सगळी भोकं सारखी उजळ नसतात. ज्योतीच्या उंचीवरची ओळ जवळजवळ पांढरी, वरची केशरी, बुडाजवळची विझत आलेली. भोकाच्या कडेला मातीची जाडी दिसते, आणि ती जाडी एका बाजूने उजळलेली असते. घटाचं बाहेरचं अंग मात्र खूप अंधारं असतं. पोस्टर करताना नेमकं तेच अंग आपण बाहेरून उजळवतो आणि मग आतला दिवा खोटा पडतो.

तर अंग गडद ठेवा. त्याची छटा द्यायला ब्लेंड टूल घ्या. हे टूल इलस्ट्रेटरमध्ये १९८८ पासून आहे, थ्रीडी इफेक्ट २००३ च्या सीएस आवृत्तीत आला. मधल्या काळात लोकांनी गोलाई ब्लेंडनेच दाखवली, आणि ती वाईट दिसत नव्हती. घटाचं छायारूप घ्या, त्याचीच प्रत काढून लहान करा, थोडी वर सरकवा, किंचित उजळ रंग द्या आणि दोन्हींमध्ये ब्लेंड करा. प्रतच का? कारण दोन्ही आकारांत अँकर पॉइंट तितकेच आणि त्याच क्रमाने असले की मधले आकार सरळ उतरतात. वेगळे आकार घेतले की मधल्या पायऱ्या पिळवटतात आणि अंगावर सुरकुती पडल्यासारखी दिसते. तशी वेळ आलीच तर ब्लेंड टूलने एका आकाराच्या विशिष्ट पॉइंटवर आणि दुसऱ्याच्या जोडीच्या पॉइंटवर क्लिक करा, पीळ बराचसा सुटतो.

सावलीसाठी काळ्याकडे जाऊ नका. मातीचा रंग काळ्यात मिसळला की छपाईत मळका होतो. गडद मरून किंवा तपकिरीकडे न्या. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फतेहसिंग संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत. एखाद्या दुपारी जाऊन फक्त सावल्यांचे रंग बघून या, ट्यूटोरियलपेक्षा जास्त हाती लागेल.

रंगाचीच आणखी एक अडचण मागच्या प्रभेत आहे. पिवळ्यापासून रात्रीच्या निळ्यापर्यंत तुम्ही एकच ब्लेंड टाकला आहे. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, त्याचं गणित मांडून बघा. पिवळा समजा मजेंटा २०, यलो १००. निळा समजा सायन १००, मजेंटा ८०, ब्लॅक ३०. बरोबर मधली पायरी येते सायन ५०, मजेंटा ५०, यलो ५०, ब्लॅक १५. हा मातकट राखाडी आहे, आणि तुमच्या घटाभोवती जो मळकट कडा दिसतो तो हाच. उपाय सोपा आहे. ब्लेंड दोनच वस्तूंमध्ये करायचा असा नियम नाही. मध्ये तिसरी वस्तू ठेवा, तांबडट जांभळ्या रंगाची. पिवळा, केशरी-तांबडा, जांभळा, निळा असा प्रवास झाला की राखाडीला जागा उरत नाही. प्रेस पाचवा रंग म्हणून सोनेरी लावणार असेल तर जपा. दोन वेगवेगळ्या स्पॉट रंगांमध्ये (स्वतःची वेगळी शाई असलेल्या रंगांमध्ये) किंवा स्पॉट आणि साध्या रंगामध्ये ब्लेंड केला तर मधल्या पायऱ्या प्रोसेस रंगात, म्हणजे सीएमवायकेत, जातात, सोनं तिथे येत नाही. एकाच स्पॉट रंगाच्या गडद-फिकट छटांमध्ये केला तर सगळ्या पायऱ्या त्याच शाईत राहतात.

पट्ट्यांबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण इथे बहुतेक जण पायऱ्या वाढवत बसतात आणि काही फरक पडत नाही. २४०० डीपीआयच्या प्लेटवर १५० लाइनचा स्क्रीन (इंचाला १५० हाफटोन ठिपके) असेल तर प्रत्येक हाफटोन ठिपक्याला १६ गुणिले १६ चौकटी मिळतात, म्हणजे एका शाईच्या साधारण २५६ छटा. शून्य ते शंभर टक्के जायला एवढ्याच पायऱ्या उपलब्ध आहेत. तुमचा रंग फक्त ३० टक्क्यांनी बदलत असेल तर २५६ च्या ३० टक्के, म्हणजे सुमारे ७७ पायऱ्या. एक पायरी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असेल तोवर डोळ्याला कळत नाही, म्हणून ७७ पायऱ्या साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत पुरतात. तुम्ही त्या ए-थ्रीच्या ४२ सेंटिमीटरवर ताणल्यात. प्रत्येक पट्टा साडेपाच मिलिमीटरचा झाला, तो दिसणारच. स्पेसिफाइड स्टेप्समध्ये (पायऱ्यांची संख्या आपण द्यायच्या पर्यायात) १००० लिहिलंत तरी कागदावर नव्या छटा कुठून येणार? फाइल तेवढी वाढते.

तेव्हा लांब पसरलेल्या मंद पार्श्वभूमीसाठी ब्लेंड वापरूच नका. ती फोटोशॉपमध्ये ग्रेडियंटने करा, डिदर (छटांच्या सीमा ठिपक्यांनी मिसळणारा पर्याय) चालू ठेवा, वरून हलका नॉइज द्या, आणि इलस्ट्रेटरमध्ये लिंक करून खालच्या लेयरवर ठेवा. नॉइजच्या कणांमुळे पट्ट्यांच्या कडा मोडतात. फ्लेक्सवर हे आणखी गरजेचं आहे. तिथे तेच ७७ टप्पे तीन मीटरवर पसरले की प्रत्येक पट्टा चार सेंटिमीटरचा होतो आणि रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतो. फ्लेक्स लांबून बघतात म्हणून सगळं खपून जातं हे बारीक तपशिलापुरतं खरं आहे, पट्ट्यांना ते लागू नाही. संपूर्ण व्हेक्टरचाच हट्ट असेल तर दोन रंगांतलं अंतर वाढवा किंवा प्रभेचा घेर लहान करा. तिसरी वाट नाही.

याच गणिताची उलटी बाजू तुमची जड फाइल हलकी करते. भोकाभोवतीची चमक पाच मिलिमीटर रुंद आहे. पाऊण मिलिमीटरला एक पायरी धरली तर सहा-सात पायऱ्या बस झाल्या. तुम्ही सगळीकडे स्मूथ कलर (पायऱ्या सॉफ्टवेअरच ठरवतं तो पर्याय) ठेवला आहे, आणि रंग गडद केशरीपासून पांढऱ्यापर्यंत जात असल्यामुळे प्रत्येक भोकावर दीड-दोनशे वस्तू तयार होत आहेत. भोकं साठ असतील तर हिशेब तुम्हीच करा. त्यातही समोरची, जवळजवळ गोल असलेली भोकं साध्या रेडियल ग्रेडियंटने भागतात, ब्लेंडची गरज नाही. रंग सरळ रेषेत किंवा वर्तुळात बदलत असेल तिथे ग्रेडियंट. रंगाने आकाराच्या कडेकडेने वळायला हवं तिथे ब्लेंड. चेहरा, ओढणीच्या चुण्या, असं वेडंवाकडं काही असेल तर मेश, म्हणजे जाळीच्या प्रत्येक बिंदूला वेगळा रंग. एक ध्यानात ठेवा, मेश वस्तूंमध्ये पुन्हा ब्लेंड करता येत नाही.

चमकेच्या बाहेरच्या वस्तूची ओपॅसिटी शून्य करून ती हवेत विरघळवायचा मोह होतो. मी शक्यतो टाळतो. मधली प्रत्येक पायरी अर्धपारदर्शक होते, आणि प्रेसच्या जुन्या रिपवर (फाइलचे छपाईचे ठिपके करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) फ्लॅटनिंग, म्हणजे पारदर्शकता काढून सपाट करणं, होताना तुकडे पडतात. घटाचं अंग सपाट गडद असेल तर बाहेरच्या वस्तूला सरळ अंगाचाच रंग द्या. डोळ्याला तेच दिसतं. ग्लो आणि ड्रॉप शॅडोसारखे इफेक्ट काम चालू असताना ७२ पीपीआयवर ठेवा, शेवटी डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट सेटिंगमध्ये ३०० करा आणि मग सगळं एकदा नजरेखालून घाला, कारण आकडा बदलला की काही इफेक्टचं दिसणंही थोडं बदलतं.

आता थ्रीडीच्या बाजूने एक गोष्ट. तुमच्या चित्रातल्या दांडिया मात्र जशा आहेत तशाच राहू द्या. त्या तुम्ही गुजरातेतल्या संखेड्याच्या धर्तीवर रंगवल्या आहेत, मरून आणि सोनेरी पट्ट्यांच्या. संखेड्याचं लाकडी काम खरादावर (लेथवर) फिरवून होतं आणि वर लाखेची झिलई असते. रिव्हॉल्व्ह म्हणजे खरादच. तिथे उजेड बाहेरूनच पडतो आणि चकचकीत बारीक रेघ यायलाच हवी. फक्त शेडिंगच्या पायऱ्या २५ वरून वाढवा आणि दिव्याची दिशा अशी ठेवा की झिलईची रेघ घटाकडच्या बाजूला येईल. घट दांडियांना उजळतोय असं त्या एका रेघेमुळे वाटायला लागतं.

गोल फेर धरलेल्या आकृत्यांसाठी तुम्ही प्रत्येक बाई वेगळी चिकटवली आहे. दोन टोकांच्या दोन आकृत्यांत स्पेसिफाइड स्टेप्सने ब्लेंड करा, एक लंबवर्तुळ काढा (प्रमाण तेच, कलाच्या कोनाचं), ते सिझर्स टूलने एका जागी कापा, आणि दोन्ही निवडून रिप्लेस स्पाइन (स्पाइन म्हणजे ब्लेंड ज्या रेषेवरून जातो ती). कापलं नाही तर फेर पूर्ण भरत नाही. कापल्यावर पहिली आणि शेवटची आकृती एकाच जागी येतात, तेव्हा एक्स्पांड करून त्यातली एक पुसा. मागच्या बाजूच्या आकृत्या थोड्या लहान हव्या असतील तर तेही एक्स्पांडनंतर हाताने करा.

प्रेसकडे फाइल देताना जिवंत ब्लेंड आणि जिवंत थ्रीडी कधीच पाठवू नका. एका सॉफ्टवेअरचा जिवंत इफेक्ट दुसऱ्यात तसाच उघडेल याची खात्री नसते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये सगळं काम कोरल ड्रॉमध्येच चालतं. प्रत काढा, ब्लेंड एक्स्पांड करा, अक्षरं आउटलाइन करा आणि पीडीएफ द्या. पीडीएफ-एक्स-वन-ए मध्ये पारदर्शकता आधीच फ्लॅटन झालेली असते, एक्स-फोरमध्ये ती जिवंत राहते. कुठलं हवं ते प्रेसला विचारा, त्यांच्या रिपवर अवलंबून आहे. ते कोरलमध्येच उघडणार म्हणाले तर त्यांना सांगा की आतलं काही हलवू नका, फक्त पानावर बसवा. पुढेमागे तुम्हीच कोरलवर काम करणार असाल तर तिथलं ब्लेंड टूलही चांगलं आहे. रंग आणि वस्तू यांचा वेग वेगवेगळा कमीजास्त करायची सोय तिथे सरकपट्टीने मिळते. इलस्ट्रेटरमध्ये तेच काम स्पाइनचे हँडल ओढून करावं लागतं, आणि तिथे रंग आणि अंतर वेगळे होत नाहीत.

पूर्ण पोस्टर छापायच्या आधी प्रेसकडून पट्टी मागून घ्या: घटाचं अर्धं पोट, चार-पाच भोकं आणि मागच्या प्रभेचा भाग येईल अशी, खऱ्या मापात आणि खऱ्याच कागदावर. मॅट आणि ग्लॉसी कागदावर गडद मरून खूप वेगळा दिसतो. फ्लेक्ससाठी वेगळी पट्टी घ्या, दहा फुटी मापातली दोन फुटांची, आणि ती सोसायटीच्या गेटवर संध्याकाळी लावून बघा. कागद कुठला ठरतोय आणि प्रेस कुठला स्क्रीन वापरते ते इथे कळवलंत तर प्रभेच्या पायऱ्यांचा नेमका हिशेब मी मांडून देईन.